मुंबई सिटी: पत्रात "कोच बदला" लिहायचं की दुसरं काही?

बर्डी_मिडफिल्ड

नागपुरातले मुंबई सिटी या फुटबॉल क्लबचे चाहते मिळून क्लबला पत्र पाठवून राहिलो. मसुदा झाला, पण पहिल्याच मागणीवर गाडी अडली. निम्मे म्हणतात, कोच पेत्र क्रात्कीला बदला, विषय संपला. उरलेले म्हणतात, कोचला टीमच अर्धवट दिली होती, त्यानं करायचं काय?

ज्यांना तपशील आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०२३-२४ मध्ये इंडियन सुपर लीगची शिल्ड (साखळीत पहिलं येणाऱ्याला मिळते ती) शेवटच्या दिवशी हातची गेली. १५ एप्रिल २०२४, कोलकात्याचं सॉल्ट लेक मैदान, ड्रॉ पुरला असता, पण मोहन बागानकडून २-१ हरलो. ४ मे रोजी त्याच मैदानावर त्यांनाच ३-१ हरवून कप (बाद फेरीचं विजेतेपद) आणला. पुढच्या हंगामात २४ मॅच, ९ विजय, ९ ड्रॉ, ६ पराभव, ३६ गुण, सहावा नंबर, म्हणजे बाद फेरीची शेवटची जागा. तोही शेवटच्या मॅचला, ११ मार्चला बंगळुरूत २-० जिंकलो म्हणून. त्यानंतर १८ दिवसांनी, २९ मार्चला, बंगळुरूच्या त्याच कांतीरवा मैदानावर नॉकआऊटमध्ये (बाद फेरीत) त्यांच्याकडूनच ५-० हरलो.

माझे प्रश्न असे:

घसरण नेमकी कुठं झाली, बचावात, मिडफिल्डमध्ये की पुढं? ती कोचमुळे की खरेदीमुळे, हे आकड्यांवरून सांगता येतं का? आणि पत्रात असं काय मागावं जे क्लबला खरंच करता येईल? "टीम सुधारा" छापाचं मोघम काही नको.

"क्रात्की आऊट" एवढंच लिहायचं असेल तर कृपया दुसरा धागा उघडा.

---

खामला_हिशोबी

आधी आकडे, मत मग.

२०२२-२३ (कोच डेस बकिंगहॅम, शिल्ड जिंकली): २० मॅच, ५४ गोल केले, २१ खाल्ले, ४६ गुण.
२०२३-२४ (शिल्डमध्ये दुसरे, कप जिंकला): २२ मॅच, ४२ केले, १९ खाल्ले, ४७ गुण.
२०२४-२५: २४ मॅच, २९ केले, २८ खाल्ले, ३६ गुण.

आता दर मॅचचा हिशोब काढा. खाल्लेले गोल १.०५, मग ०.८६, मग १.१७. म्हणजे ज्या वर्षी शिल्ड घेतली त्या वर्षापेक्षा बचाव फार काही बिघडला नाही. केलेले गोल मात्र २.७०, मग १.९१, मग १.२१. दोन वर्षांत निम्म्याच्याही खाली. नुसता आदल्या वर्षीचा वेग टिकला असता तरी २४ मॅचमध्ये ४६ च्या आसपास गोल झाले असते. १७ गोल कमी पडले आणि त्याचेच ९ ड्रॉ झाले.

त्या ९ पैकी ३ ड्रॉ जिंकले असते तर ४२ गुण होतात आणि ३८ वर थांबलेल्या बंगळुरूच्या वर तिसरा नंबर लागतो. तिसऱ्याला नॉकआऊट घरच्या मैदानावर मिळत होती. ती एकच मॅच होती, परतीचा लेग नव्हता, त्यामुळे मैदान कोणाचं याला फार किंमत होती. पहिल्या दोघांना तर थेट सेमीफायनल. तिथं जायला ४८ च्या वर गुण लागत होते, म्हणजे आवाक्याबाहेरच.

५-० वरून मत बनवणाऱ्यांसाठी: साखळीत बंगळुरूविरुद्ध दोन मॅच झाल्या, ०-० आणि २-०. दोन्हीत एकही गोल खाल्ला नव्हता. बाद फेरीत मात्र ९व्या मिनिटाला सुरेशनं पहिला गोल केला आणि ४२व्याला एडगर मेंडेझनं पेनल्टी मारली. दोननं मागे पडल्यावर टीम वर चढणारच आणि मागं मोकळं रान राहणारच. पुढचे तीन गोल त्यातले. २-० आणि ५-० यांतला फरक मी तरी धरत नाही. पहिले ४५ मिनिटं पाहा.

आता खरेदी. सहा परदेशी खेळाडू ठेवता येतात, मैदानात एका वेळी चार. आपले सहा कोण होते? तिरी आणि क्रूमा, दोघे स्टॉपर (मधले बचावपटू). व्हान निफ, टोराल, मांझोरो, तिघे मिडफिल्डर. आणि स्ट्रायकर एकटा कारेलिस, पूर्वी गुडघ्याची मोठी दुखापत झालेला आणि तिशी ओलांडलेला. त्याच्यामागं बेंचवर डॅनियल लालह्लिमपुइया. ज्या टीमला गोल हवे होते तिनं सहापैकी एकच जागा गोल करणाऱ्याला दिली. ४ मेच्या फायनलमधला तिसरा गोल आठवा, भरपाई वेळेत. कोणी केला? याकुब व्होयतुशनं, बेंचवरून येऊन. दुसरा परदेशी स्ट्रायकर बेंचवर असल्याचा फायदा हाच, आणि तीच जागा पुढच्या हंगामात गायब.

---

कामठी_स्टॉपर

हिशोबी भाऊंचा हिशोब बरोबर आहे, पण त्यांनी अर्धंच सांगितलं. स्ट्रायकर कमी होता म्हणून गोल आटले हे खरं, पण कारेलिसपर्यंत बॉल तरी कुठं पोचून राहिला होता? मूळ रोग एक लाईन मागं आहे. मिडफिल्डर अपुइया गेला तिथं.

व्हान निफ आणि अपुइया जोडीनं काम करत होते. बॉल आपल्याकडं असला की व्हान निफ खाली येऊन दोन स्टॉपरच्या जवळ उभा राहायचा आणि तिथून लांब पास टाकायचा. त्याची नजर चांगली, पाय मंद. अपुइया त्याच्यापुढं दहा-पंधरा मीटरवर. त्याचं काम तीन प्रकारचं: निसटलेला सेकंड बॉल उचलणं, बॉल गेला की समोरच्याला पहिल्या चार-पाच सेकंदांत अडवणं, आणि फुलबॅक (कडेचा बचावपटू) वर गेला की त्याची रिकामी जागा झाकणं. टीव्हीवर ही कामं दिसत नाहीत, कारण कॅमेरा बॉलमागं असतो.

अपुइया बागानला गेला. बदल्यात आले ब्रँडन फर्नांडिस, टोराल, मांझोरो. तिघं बॉल पायात घेऊन गोलकडं तोंड करून खेळणारे. वाईट नाहीत, पण तिघांपैकी एकही तीस मीटर मागं पळून जागा झाकणारा नाही. मग काय होतं ते क्रमानं पाहा:

१. व्हान निफ एकटा पडतो. मागचं रान झाकायला कोणी नाही.
२. म्हणून कोच एका फुलबॅकला वर जाऊ देत नाही.
३. फुलबॅक येत नाही, म्हणून आपला विंगर छांगते कडेला एकटा. त्याच्यावर दोन माणसं सोडणं समोरच्याला परवडतं.
४. छांगतेला आत कापता येत नाही, मग क्रॉस लांबून पडतो.
५. बॉक्समध्ये कारेलिस एकटा, दोन स्टॉपरच्या मधात.

पाहणाऱ्याला वाटतं स्ट्रायकर निकामी. बिघाड पार हाफ लाईनवर झाला असतो.

पडताळून पाहायचं असेल तर जुन्या मॅचचे कोणतेही सलग पंधरा मिनिटं लावा आणि कागदावर दोनच गोष्टी मांडा. पहिली, आपला बॉल गेला त्या क्षणी बॉलच्या मागं आपली माणसं किती. पाच असावीत. तीनच दिसले तर समजा उघडे पडलो. सहा-सात दिसले तर हल्लाच अपुरा होता. दुसरी, क्रॉस पडताना बॉक्समध्ये आपले किती. तिघं लागतात: एक जवळच्या पोस्टवर, एक पेनल्टी स्पॉटच्या आसपास, एक मागच्या पोस्टवर. चौथा डीच्या तोंडाशी, बाहेर आलेल्या बॉलसाठी. २०२२-२३ च्या मॅच लावा आणि मग २०२४-२५ च्या लावा. फरक सांगायची गरज पडणार नाही.

आणि एक. अपुइया विकला यावर माझा राग नाही. पैसे मोजून नेलं, ठीक. पण त्या जागी त्या कामाचा माणूस आणायचा होता. दहा नंबरवाल्यांची, म्हणजे पुढं खेळणाऱ्या मिडफिल्डरची, रांग लावून काय होते?

---

प्रतापनगर_ऑफसाईड

मी उलट बाजूनं बोलतो, नाहीतर इथं सगळे एकमेकांच्या माना डोलवत बसाल.

टीम कमी होती, मान्य. पण कोचचं काम हातात असलेल्या टीमची मोट बांधणं असतं. व्हान निफ एकटा पुरत नाही हे ऑक्टोबरपर्यंत स्पष्ट झालं होतं. मग जयेश राणे किंवा दुसरा एखादा पळणारा भारतीय मिडफिल्डर त्याच्या शेजारी कायमचा बसवायचा आणि टोराल-मांझोरोपैकी एकाला बेंचवर ठेवायचं. नावं मोठी आहेत म्हणून दोघांनाही एकत्र खेळवण्यात काय हशील? आणि समोरची टीम दहा माणसं मागं घेऊन बसली की आपल्याकडं दुसरा डाव नसायचा. तोच बाजूचा पास, तोच लांबचा क्रॉस.

९ ड्रॉ फक्त खरेदीच्या माथी मारता येत नाहीत. पत्रात कोचचं नाव यायलाच पाहिजे.

---

बर्डी_मिडफिल्ड

कामठी भाऊ, पाच टप्प्यांची साखळी पत्रात जशीच्या तशी घेऊ का?

ऑफसाईड, मुद्दा रास्त. पण क्रात्की डिसेंबर २०२३ मध्ये हंगामाच्या मधात आला. त्याच्याआधी बकिंगहॅम इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेड क्लबला निघून गेला होता आणि अँथनी फर्नांडिस हंगामी कोच होते. जानेवारीत ग्रेग स्टुअर्टही गेला. तरी त्यानं कप आणला. गोव्यातली सेमीफायनल विसरलात? ९०व्या मिनिटापर्यंत ०-२, आणि तिथून छांगते, विक्रम प्रताप, परत छांगते, ३-२. डाव बदलता येत नाही असं कसं म्हणायचं?

---

प्रतापनगर_ऑफसाईड

त्या रात्री पळणारी माणसं होती म्हणून बदलला. हे तर तुमच्याच कामठीवाल्यांचं म्हणणं झालं. जाऊ द्या, पण "कोचनं मिडफिल्डची जोडी लवकर बदलायला हवी होती" एवढं तरी वाक्य टाका.

---

धंतोली_कलम

कोच की खरेदी यावर भांडता येईल, पण तिसरी गोष्ट कोणी काढली नाही: करार. पत्राचा गाभा तो असायला हवा, कारण तिथं क्लबला काहीतरी करता येतं.

२०२४ मध्ये कोण कुठं गेलं ते मांडा. राहुल भेके, नोगुएरा आणि पेरेयरा डियाझ बंगळुरूला. अपुइया बागानला. आधीच निघालेला स्टुअर्टही त्याच उन्हाळ्यात बागानला. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये फायनल कोणाची झाली? बागान आणि बंगळुरू. आपले पाच माजी खेळाडू त्या दोन टीममध्ये वाटलेले. बागानला फायनलमध्ये नेणारा गोल, जमशेदपूरविरुद्ध भरपाई वेळेतला, अपुइयाचा. २९ मार्चला आपल्यावर पाचवा गोल डियाझचा. प्रतिस्पर्ध्यांना आपणच घडवलेली माणसं द्यायची आणि मग कोचला जाब विचारायचा, ही रीत बरी आहे.

आता यंत्रणा कशी चालते ते. फिफाच्या नियमानुसार कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करू शकतो, जुन्या क्लबला एक रुपयाही न मिळता. आपल्याकडचे बहुतेक करार ३१ मेला संपतात. म्हणजे १ डिसेंबरपासून दार उघडं. एप्रिल-मेमध्ये कप जिंकल्यावर नूतनीकरणाच्या गोष्टी करणं म्हणजे बैल गेला अन् झोपा केला. तोवर त्यांची बोलणी दुसरीकडं होऊन बसलेली असतात.

नीट चालणारा क्लब हे एक वर्ष आधी करतो. शेवटचं वर्ष सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात, म्हणजे जून-जुलैमध्ये, ज्यांचा करार पुढच्या मेमध्ये संपतो त्यांची यादी काढायची आणि तीन गट पाडायचे. पहिला गट कोणत्याही परिस्थितीत ठेवायचाच, त्याला तिथंच नवा करार द्यायचा. दुसऱ्या गटाला एक आकडा द्यायचा आणि नोव्हेंबरअखेर उत्तर मागायचं. तिसऱ्या गटाच्या जागेसाठी तेव्हापासूनच माणूस शोधायला लागायचं. दुसऱ्या गटातला खेळाडू नोव्हेंबरपर्यंत "पाहू" म्हणून राहिला तर समजायचं की तो गेला. जानेवारीत विकायचा की मेपर्यंत फुकटात खेळवायचा, हा निर्णय मात्र अवघड असतो. विजेतेपदाच्या शर्यतीत असाल तर विकणं परवडत नाही. पण निदान जूनमध्ये त्याची जागा रिकामी पडणार हे कागदावर असतं.

एक मान्य करायला हवं. सिटी फुटबॉल ग्रुपकडं (मँचेस्टर सिटीचा मालक गट) २०१९ ते २०२५ क्लबचा ६५ टक्के हिस्सा होता आणि कोच निवडण्यात त्याचा फायदाही झाला. बकिंगहॅम आणि क्रात्की दोघंही मेलबर्न सिटीतून आले, खेळाची पद्धत तीच राहिली, घडी बसायला वेळ गेला नाही. पण तीच गोष्ट उलटी पण फिरते. बकिंगहॅमच्या आधीचा कोच लोबेरानं २०२१ मध्ये शिल्ड आणि कप दोन्ही दिले आणि त्याच ऑक्टोबरमध्ये, हंगाम तोंडावर असताना, ग्रुपच्याच कामासाठी गेला. तो हंगाम आपण पाचवे आलो, पहिल्या चारात नाही. मालक मोठा असला की आपला क्लब त्याच्या वहीतली एक ओळ असतो. पत्रात हे लिहा असं मी म्हणत नाही, पण डोक्यात असू द्या.

---

खामला_हिशोबी

कलम यांच्या यादीत भर. परदेशी सहा जागांचं वाटप आधी ठरवा, खेळाडू नंतर. माझ्या मते: एक स्टॉपर, एक मागचा मिडफिल्डर, एक पुढचा मिडफिल्डर, एक विंगर किंवा दुसरा फॉरवर्ड, दोन स्ट्रायकर. मैदानात चारच असल्यानं दोन परदेशी स्टॉपर ठेवले की चारपैकी निम्म्या जागा मागंच खर्च होतात. त्या हंगामात मेहताब सिंगसारखा भारतीय स्टॉपर होता, मग दुसऱ्या परदेशी स्टॉपरची चैन कशाला?

---

कामठी_स्टॉपर

नाही भाऊ, इथं मी तुमच्याशी सहमत नाही. तिरीला दुखापत झाली की मागं कोण? दोन परदेशी स्टॉपर राहू द्या, पण दोघांना एकत्र खेळवायचा हट्ट नको. कापायची तर तीन मिडफिल्डरमधली एक जागा कापा. अपुइयाच्या कामाचा माणूस भारतीय मिळतो, दहा नंबरवाला परदेशी एक पुरतो. वाचलेली जागा दुसऱ्या स्ट्रायकरला.

बर्डी, साखळी घ्या बिनधास्त. फक्त पाचव्या टप्प्यावर कारेलिसचं नाव काढून टाका. त्याचा दोष नाही.

---

बर्डी_मिडफिल्ड

सुधारलेला मसुदा. "कोच बदला" काढलं. त्याऐवजी:

अ) ज्यांचा करार पुढच्या मेमध्ये संपतो त्यांचा निर्णय या ऑगस्टपर्यंत घ्यावा.
आ) व्हान निफच्या जोडीला जागा झाकणारा मिडफिल्डर घ्यावा, शक्यतो भारतीय.
इ) महत्त्वाच्या सगळ्या भारतीय खेळाडूंना किमान तीन वर्षांचे करार द्यावेत.
ई) सहा परदेशींत दोन स्ट्रायकर असावेत.
उ) मिडफिल्डची जोडी हंगामाच्या सुरुवातीलाच बदलायला हवी होती, हे क्रात्कीनं मान्य करावं. (ऑफसाईड, तुमच्यासाठी.)

शेवटी एक ओळ: राहुल भेके मुंबईचा आणि कप उचललेला कर्णधार. त्याला सोडण्याचं कारण चाहत्यांना सांगितलं गेलं पाहिजे.

---

प्रतापनगर_ऑफसाईड

"मान्य करावं" कोणता कोच लिहून देतो? "पुढच्या हंगामात लवकर बदल करावा" असं लिहा, वाचतील तरी.

---

धंतोली_कलम

इ काढा. आत्ता तीन वर्षांचा करार द्यायला क्लब सहज तयार होणार नाही. लीग चालवणाऱ्या एफएसडीएल कंपनीचा भारतीय फुटबॉल महासंघाशी असलेला करार २०१० चा, १५ वर्षांचा, तो ८ डिसेंबर २०२५ ला संपला. महासंघाला त्यातून वर्षाला ५० कोटी मिळत होते आणि क्लबांची सगळी गणितं त्याच चौकटीवर बसलेली होती. पुढं लीग कोण चालवणार, प्रक्षेपणाचा पैसा कसा वाटणार, हेच ठरलेलं नसताना २०२८ पर्यंतचा पगार कोण कबूल करेल?

त्याऐवजी असं मागा: एक वर्ष पक्कं, आणि खेळाडू निम्म्यापेक्षा जास्त मॅच सुरुवातीपासून खेळला तर दुसरं वर्ष आपोआप लागू. खेळाडूला खात्री मिळते आणि क्लबचा धोका खेळवलेल्या माणसापुरताच राहतो. शिवाय तो डिसेंबरमध्ये दुसरीकडं सही करायला मोकळा राहत नाही, मात्र त्यासाठी अट नोव्हेंबरच्या आत पूर्ण होईल अशी ठेवावी लागते. २४ पैकी १३ मॅच म्हटलं तर तोवर होत नाहीत. म्हणून "पहिल्या दहापैकी सहा" अशी मोजदाद लिहा.

आ आणि ई एकाच कलमात घ्या, जागा सहाच आहेत. पत्र वेस्ट कोस्ट ब्रिगेड या क्लबच्या चाहता गटाच्या लोकांनाही दाखवा, ते दर होम मॅचला स्टँडमध्ये असतात, त्यांचं वजन आपल्यापेक्षा जास्त.

भेकेची ओळ कलमात कुठंच बसत नाही. पण राहू द्या.